वर्षावासात भोन आणि अजिंठा

आषाढ पौर्णिमा आली की आपल्या विहारात वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील, मग 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, आणि अश्विन पौर्णिमेला समारोप. बाहेर पाऊस, आत वाचन आणि मागच्या ओळीत लेकरांची चुळबुळ. हे आपल्या वस्तीच्या इतके अंगवळणी पडले आहे की हे तीनच महिने का, आणि ते पावसाचेच का, असे कोणी विचारीत नाही. स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचं लिहा" असे समितीने सांगितले, तेव्हा आम्ही हाच प्रश्न घ्यायचे ठरवले. पण नुसती पुस्तके चाळून लिहिण्यापेक्षा आधी पावसात जाऊन जागा पाहाव्यात, मग लिहावे, असे मंडळींचे मत पडले. त्याप्रमाणे गेल्या श्रावणात आम्ही विहारातले अकरा जण पाठीवर सॅक अडकवून एस.टी.ने निघालो. एक दिवस आपल्याच जिल्ह्यातले भोन, दुसरा दिवस अजिंठा.

निघताना एका वडीलधाऱ्या उपासकांनी टोकले. "पावसाळ्यात भिक्खू फिरत नाहीत, अन् तुम्ही उपासक फिरायला निघालात?" प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर विनयपिटकात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तथागतांच्या धम्माचा पहिला भिक्खूसंघ हा चालणारा संघ होता. बहुजनांच्या हितासाठी फिरत राहायचे, एका गावी रेंगाळायचे नाही. झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, मोकळ्यावर, जिथे रात्र पडेल तिथे मुक्काम. महावग्गात असे आले आहे की पावसाळ्यातही भिक्खू फिरू लागले तेव्हा लोक तक्रार करू लागले. हे श्रमण कोवळे गवत तुडवतात, बारीक जीवजंतू यांच्या पायाखाली मरतात. पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून पावसाळ्यात एका जागी राहतात, मग यांनाच काय झाले? ही तक्रार तथागतांच्या कानी गेली आणि त्यांनी भिक्खूंना तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. तोच वर्षावास. लोकांनी बोट दाखवले आणि संघाने ते ऐकले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता राहायचे म्हटले की छप्पर आले. चुल्लवग्गात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची कथा आहे. भिक्खू उघड्यावर राहतात हे पाहून त्याने विचारले, मी घरे बांधली तर तुम्ही राहाल काय? भगवंतांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिली. त्यांत विहार हा एक आणि गुहा हा एक. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधले, असे तिथे सांगितले आहे. आज आपण ज्याला विहार म्हणतो, त्याचे मूळ हे असे राहत्या निवाऱ्यात आहे.

आणि या तीन महिन्यांत उपासकांनी काय करायचे? त्यांनी विहाराकडे जायचे. भोजनदान द्यायचे, चीवर द्यायचे, धम्म ऐकायचा. म्हणजे पावसात भिक्खू थांबतो आणि उपासक चालतो. वडीलधाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मग छत्र्या घ्या." आणखी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तो अश्विन शुद्ध दशमीचा दिवस होता. अश्विन पौर्णिमा यायची होती. आपला नवा जन्मही वर्षावासाच्या दिवसांतच झाला.

असो. आता प्रवासाकडे वळू.

शनिवारी पहाटे बुलढाण्याहून खामगावची गाडी धरली. बोथा घाटात ज्ञानगंगेचे जंगल हिरवेगार झाले होते आणि काचेबाहेर धुके. २०२३ साली महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, त्यामुळे आमच्या अकरात सहा महिला होत्या. एकीने सर्वांसाठी दशम्या आणि ठेचा बांधून आणला होता. खामगावहून शेगाव, शेगावहून पूर्णेचा पूल ओलांडून संग्रामपूर तालुका. फाट्यावर उतरलो आणि पुढे पायी निघालो. काळ्या मातीने थोड्याच वेळात प्रत्येकाच्या पायात चिखलाचे जोडे घातले. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. आभाळ इतके खाली आलेले की हात लावावा.

भोन हे पूर्णेच्या काठचे गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. बी. सी. देवतारे यांच्या मार्गदर्शनाखाली २००२ नंतर काही हंगाम येथे उत्खनन केले. त्यात प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या आणि विटांच्या विहिरी मिळाल्या, आणि मुख्य म्हणजे भाजक्या विटांचा एक स्तूप मिळाला. हा स्तूप मौर्यकालीन, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला, असे उत्खनन करणाऱ्यांनी मांडले. सम्राट अशोकाचा तो काळ. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात धम्म किती जुना आहे, याचे यापेक्षा मोठे उत्तर आम्हाला माहीत नाही.

हा स्तूप काही एकटाच नाही. सिंहली परंपरेतल्या महावंसात आहे की पाटलीपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर महाधम्मरक्खित थेरांना 'महारट्ठ' देशी पाठवले गेले. विदर्भातच भंडारा जिल्ह्यात पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून स्तूप उजेडात आणला. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे मौर्यकाळातला शिलालेख मिळाला आहे. कोकणात सोपाऱ्याचा विटांचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकलला. पूर्वेला पवनी, पश्चिमेला सोपारा, आणि मधल्या पट्ट्यात आपले भोन. नकाशावर बोट फिरवले तर व्यापाराची आणि धम्माची वाट कशी जात असेल याची कल्पना येते.

सांचीसारखा घुमट पाहायला मिळेल या आशेने कोणी भोनला जाऊ नये. इथे आहे ती माती, आणि मातीत पुरलेला इतिहास. पावसाने माती धुऊन निघाली की खापराचे तुकडे वर येतात, ते आम्ही पाहिले. ते पाहायचे आणि तिथेच ठेवायचे. खिशात घालून घरी आणले की त्यांची जागा हरवते, आणि जागा हरवलेल्या खापराची किंमत शून्य.

एक शेतकरी दादा बांधावर उभे होते. त्यांनी विचारले, "पाऊस पडून रायला, अन् तुमी कायले आले जी? इथं पाहाले काई नाई. मातीत ईटा हायेत निस्त्या."

आमच्यातली एक ताई म्हणाली, "त्या ईटाईसाठीच आलो, भाऊ."

मग ते बराच वेळ बोलले. पूर्णेच्या खोऱ्याचा हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खणली तर पाणी खारे लागते. पिण्याला उपयोग नाही, पिकाला दिले तर जमीन बिघडते. हे ऐकताना आमच्या मनात त्या उत्खननातल्या विहिरी आल्या. बावीसशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही याच भूमीवर पाण्याची सोय करून राहावे लागले असणार. आधी विहीर, मग वस्ती, मग स्तूप. ज्यांनी विटा थापल्या, भाजल्या, वाहिल्या, त्यांची नावे आपल्याजवळ नाहीत. पण ते याच मातीतले कष्टकरी होते, एवढे नक्की.

त्या रात्री खामगावला ओळखीच्या एका विहारात मुक्काम केला. पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजत होता. सतरंजीवर अंथरूण टाकताना एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण आज विहाराचा जुना उपयोग करून राहिलो." सगळे हसले, पण पोरगे बरोबर बोलले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत बुलढाणा, आणि तिथून शिवना मार्गे अजिंठा. आपल्यापैकी पुष्कळांना अजिंठा म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातले, छत्रपती संभाजीनगरकडचे, दूरचे ठिकाण वाटते. वस्तुतः बुलढाणा शहर ज्या डोंगरावर वसले आहे तोच हा अजिंठ्याचा डोंगर. अजिंठा गाव डोंगरमाथ्यावर, लेणी घाट उतरल्यावर. फर्दापूरच्या तिठ्यावर उतरायचे आणि तिथल्या बसने चारेक किलोमीटर आत जायचे.

पावसाळ्यात अजिंठा पाहावे, असे जे म्हणतात ते खरे आहे. वाघोरा नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते, वरून सातकुंडाचा धबधबा कोसळतो, आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात एका ओळीने तीस लेणी. काही लेण्यांच्या तोंडावर पाण्याचे पडदे सुटले होते. आम्ही चिंब भिजून आत शिरलो, आणि आत कोरडे. त्या क्षणी विनयपिटकातली ओळ समजावून सांगण्याची गरज उरली नाही. नऊ, दहा, एकोणीस, सव्वीस आणि एकोणतीस ही चैत्यगृहे, वंदनेची. बाकीची बहुतेक विहारे, राहण्याची. गावाच्या गोंगाटापासून दूर पण भिक्षेला जाता येईल इतक्या अंतरावर, पाणी जवळ, छप्पर दगडाचे. वर्षावासाला याहून चांगली जागा कोणती?

बारा क्रमांकाच्या लेण्यात पर्यटक फारसे थांबत नाहीत, कारण तिथे नावाजलेली चित्रे नाहीत. दर्शनी भागही कोसळलेला आहे. आम्ही मात्र तिथे सर्वांत जास्त वेळ बसलो. इसवी सनापूर्वीचे हे विहार. तीन बाजूंना चार-चार, अशा बारा खोल्या, आणि खोलीत दोन-दोन दगडी ओटे निजण्यासाठी, उशीच्या जागी दगडाचाच उंचवटा. म्हणजे एका पावसाळ्यात चोवीस भिक्खूंची सोय. हे विहार कोणी दिले? तिथल्या लेखात घनामदड नावाच्या वाण्याचे, म्हणजे व्यापाऱ्याचे नाव आहे. दहा क्रमांकाच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी याचे दान. अजिंठ्यातले सर्वांत जुने काम हे असे राजाच्या खजिन्यातून न होता माणसांच्या गाठीच्या पैशातून झाले.

पुढचा मोठा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळचा. ही वाकाटकांची शाखा वत्सगुल्मची, आणि वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. हरिषेणाचा सचिव वराहदेव याने सोळा क्रमांकाचे विहार संघाला दान दिले. तिथल्या शिलालेखात वाकाटकांची वंशावळ आहे. तेव्हा अजिंठ्याच्या वैभवात वऱ्हाडाचा मोठा वाटा आहे, हे आपण मुलांना छाती पुढे काढून सांगायला हरकत नाही. चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग सातव्या शतकात महाराष्ट्राविषयी लिहिताना एका डोंगरातील संघारामाचे वर्णन करतो, त्याच्या दारावरच्या दगडी हत्तींचा उल्लेख करतो. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर दोन हत्ती आजही आहेत. पावसात त्यांची पाठ काळीभोर चकाकत होती.

पण आमच्या मनात घर करून राहिले ते आणखी दोन लेख. सतराव्या लेण्याच्या दात्याचा भाऊ रविसांब वारला होता. त्या दुःखातून, संसार अनित्य आहे हे जाणून, पुढे दान घडले असे त्या लेखावरून कळते. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करविले, ते अश्मकाचा मंत्री भव्विराज या आपल्या स्नेह्याच्या स्मरणार्थ. त्याच लेण्यात तथागतांची महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तिच्यापुढे आम्ही वंदना घेतली. हळू आवाजात, इतरांना अडथळा होणार नाही अशी.

आता आपल्या विहाराकडे पाहा. पंख्यावर नाव आहे, 'आईच्या स्मरणार्थ'. लादीवर आहे, ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर आहे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर आहे. कोणी कामगाराने बोनसमधून दिले, कोणी मजुरीतून दिले. कधी कधी कोणी हसतात, की पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव कशाला? त्यांना आम्ही आता सांगू, की अजिंठ्याला चला. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने दहाजणांना सावली द्यावी, ही आपली फार जुनी रीत आहे. ती बावीसशे वर्षांत मोडली, मधे शेकडो वर्षे विसरली गेली, आणि १९५६ नंतर आपल्या मायबापांनी ती पुन्हा सुरू केली.

विसर पडणे म्हणजे काय, हेही अजिंठाच शिकवतो. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि लेणी जगापुढे आली. रानात फिरणाऱ्या स्थानिक लोकांना ती अर्थातच ठाऊक होती. पण ती कोणाची, कशासाठी, हे सांगणारा संघ उरला नव्हता. दगड टिकला म्हणून इतिहास परत मिळाला. १९८३ साली युनेस्कोने अजिंठ्याला जागतिक वारशात घेतले.

भोनचे तसे नाही. तिथे दगड नाही, वीट आहे. आणि इथेच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो.

पूर्णेवर नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्प हाती घेतलेला आहे. त्याच्या नियोजित बुडित क्षेत्रात भोनचे हे ठिकाण धरलेले आहे. आम्ही धरणाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोड पाणी मिळाले पाहिजे. त्यात आपलेही नातेवाईक आहेत. बांधावरचे ते दादाही म्हणाले, "पानी त पाहिजेच जी. पन जमीन बी जाते, तेचं कोनी लिहून ठेवत नाई." त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. जे जाते, ते निदान नीट लिहून तरी ठेवले पाहिजे.

अशा वेळी काय करता येते, याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. आंध्रात कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण व्हायचे होते. त्याआधी १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात मोठे उत्खनन झाले. स्तूप, विहार यांचे अवशेष उचलून उंच जागी पुन्हा मांडले, संग्रहालय उभारले. आज ती टेकडी बेट झाली आहे आणि लोक होडीने दर्शनाला जातात. गुजरातेत शामळाजीजवळ देवनी मोरी येथे विटांचाच स्तूप होता. १९६० ते १९६३ दरम्यान बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने तो खणला. धातुकरंडक विद्यापीठात सुरक्षित राहिला, पण जागा मेश्वो नदीच्या जलाशयात गेली. परदेशात पाहायचे तर इजिप्तमध्ये अबू सिंबेलचे अवघे मंदिर १९६० च्या दशकात कापून नाईल नदीच्या पाण्याच्या वर नेऊन बसवले. अबू सिंबेलसाठी जग धावले. भोनसाठी कोण धावणार? ज्यांचा तो वारसा आहे त्यांनीच आधी चालायला हवे.

म्हणून या स्मरणिकेतून आम्ही तीन गोष्टी मांडतो. पहिली, भोनच्या स्तूपाच्या विटा शास्त्रीय पद्धतीने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उंच जागी हलवून तो पुन्हा उभा करावा, अशी मागणी प्रत्येक विहाराने ठराव करून शासनाकडे पाठवावी. दुसरी, तिथल्या वस्तू आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना जिल्ह्यातच पाहता याव्यात. तिसरी गोष्ट मात्र शासनाच्या हातची नाही, आपल्याच हातची आहे. ज्यांनी भोन पाहिले नाही त्यांनी एकदा जाऊन पाहावे, आणि पोरांना बरोबर न्यावे.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. भोनला जायचे तर शेगावहून संग्रामपूरकडच्या गाड्यांची वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्यावी. पूर्णेला पूर असेल तर जाऊ नये. घसरणार नाही असे पायताण, मेणकापड आणि पाण्याची बाटली सोबत असावी. शेतातून जाताना मालकाला विचारावे, पीक तुडवू नये. तथागतांच्या काळी लोकांनी हीच तक्रार केली होती, हे विसरू नये. अजिंठा सोमवारी बंद असतो. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, फ्लॅश मारू नये, भिंतीला हात लावू नये. ती चित्रे माती, भाताचा तूस आणि चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. ओल हा त्यांचा शत्रू. भिजलेली छत्री आणि सॅक भिंतीपासून दूर धरावी.

पुढच्या वर्षावासात ग्रंथवाचनाची एक संध्याकाळ भोनसाठी राखून ठेवावी, अशी विनंती आम्ही समितीला केली आहे आणि समितीने ती मान्य केली आहे. त्या संध्याकाळी भोनच्या स्तूपाची माहिती एक मुलगी वाचून दाखवील. ती कोण, हे मुलांनीच आपसात ठरवले आहे. आपण सर्वांनी त्या दिवशी सहकुटुंब यावे.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!